परक्या डोंगरातील पहिली शिकार

शिकार हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम बंदूक उभी राहते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय मिटविला आणि तो मिटविला हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. परंतु अमेरिकेच्या रॉकी पर्वतात आजही दर शरदात लाखो माणसे एल्क नावाच्या मोठ्या हरणामागे डोंगर चढतात, आणि तेही कायद्याच्या चौकटीत राहून. त्यांपैकी जो प्रथमच निघाला आहे आणि ज्याने तो मुलूख पूर्वी पाहिलेला नाही, त्याने तयारी कशाची करावी, हा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. उदाहरणासाठी कॉलोराडो राज्य घेऊ, कारण एल्कचे सर्वांत मोठे कळप तेथेच आहेत.

आधी जनावराची ओळख करून घ्यावी. युरोपात एल्क म्हणजे निराळाच प्राणी. अमेरिकेत त्याला मूस म्हणतात. इंग्रज वसाहतवाल्यांनी थोराड हरीण पाहिले आणि ओळखीचे नाव त्याला चिकटवून दिले. शॉनी लोकांचा 'वापिटी' हा शब्द अधिक नेमका आहे. त्याचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा. काश्मिरातील दाचीगामचा हंगूल हा या वापिटीचा भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कॉलोराडोत हा प्राणी संपण्याच्या बेतात होता. मांस आणि कातडी यांच्या बाजारासाठी बेसुमार कत्तल झाली होती. मग शेजारच्या वायोमिंगमधून जनावरे आणून सोडली, शिकारीवर बंधने घातली, आणि आज तेथे अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. या कामाला लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात परवान्यांच्या शुल्कातून येतो, आणि १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यान्वये बंदुका व काडतुसे यांवर बसविलेल्या करातूनही येतो. मारणाऱ्याच्याच खिशातून राखण्याचा खर्च काढावयाचा, ही व्यवस्था आपल्या मनाला चमत्कारिक वाटते खरी. पण तिचे फळ डोंगरात चरताना दिसते.

तयारीचा आरंभ यामुळेच कागदापासून होतो. राज्याचे शिकारीसाठी क्रमांकवार विभाग पाडले आहेत. बऱ्याच परवान्यांवर विभाग, हंगाम, हत्यार आणि नर की मादी हे सारे ठरवून दिलेले असते. अनेक परवाने सोडतीने मिळतात आणि त्यांचे अर्ज वसंतातच, एप्रिलच्या सुरुवातीला, द्यावे लागतात. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केल्याचा दाखला लागतो. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी घालणे सक्तीचे आहे. जनावर बुजणार नाही काय, अशी शंका येईल. हरणाच्या डोळ्याला नारिंगी रंग भडक दिसत नाही. माणसाच्या डोळ्याला दिसतो, आणि गोळी माणूसच झाडत असतो.

दुसरी गोष्ट उंचीची. कॉलोराडोची राजधानी डेन्व्हर सुमारे सोळाशे मीटरांवर वसली आहे, म्हणजे विमानातून उतरणारा प्रवासी जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्यावरच पाय ठेवतो. एल्कचा मुलूख तेथून आणखी वर, पुष्कळदा तीन हजार मीटरांच्या घरात. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सत्तर टक्केच उरतो आणि प्रत्येक श्वासातला प्राणवायू त्याच मानाने घटतो. सपाटीवरचा धट्टाकट्टा माणूसही डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश यांनी पहिले दोन दिवस हैराण होतो. यास्तव हंगाम उघडण्याच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचावे, वर चढून लगेच धावपळ करू नये, पाणी भरपूर प्यावे. आणि दुखणे वाढू लागले तर खाली उतरावे, त्याला दुसरा तोडगा नाही. तेथे पाणी नव्वद अंशांवरच उकळते, तेव्हा डाळ उघड्या भांड्यात शिजविण्याची आशा आपल्या माणसाने सोडावी. कपडे लोकरीचे घ्यावेत. भिजलेला सुती सदरा ऑक्टोबरच्या वाऱ्यात अंगावरची ऊब भराभर ओढून घेतो, आणि असा माणूस हिमबिंदूच्या वरच्या थंडीतही दगावू शकतो.

आता नकाशा. अमेरिकी भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे १:२४,००० प्रमाणाचे नकाशे समोच्चरेषांसह मिळतात. घरी बसून ते महिनाभर वाचावेत. जमीन-मालकी दाखविणाऱ्या नकाशांत सरकारी जंगल सहसा हिरवे, केंद्राच्या ताब्यातील इतर जमीन पिवळी आणि खासगी जमीन पांढरी छापलेली असते. पांढऱ्यात परवानगीवाचून पाऊल टाकावयाचे नाही, मग तेथे फलक असो वा नसो. होकायंत्राची सुई कॉलोराडोत खऱ्या उत्तरेपासून सुमारे आठ अंश पूर्वेकडे झुकते. आठ अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतात, पण त्यांचा हिशेब न धरता दीड किलोमीटर चालले तर माणूस दोनशे मीटर बाजूला निघतो, आणि दाट झाडीत दोनशे मीटर म्हणजे तंबू न सापडणे. हल्ली सारे नकाशे मोबाइलमध्ये मावतात हे आम्हांस ठाऊक आहे. ते आधीच उतरवून घ्यावेत, कारण दरीत संदेशलहरी पोहोचत नाहीत. कागदी प्रतही खिशात ठेवावी, कारण थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. कोठे जाणार आणि कधी परतणार याची चिठ्ठी घरी कोणाच्या तरी हाती दिलेली असावी.

स्थानिक वन्यजीव अधिकाऱ्याला दूरध्वनी करण्याची तेथे पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. मात्र 'एल्क कोठे सापडतील?' असे विचारणाऱ्याला मोघम उत्तरच मिळते. 'अमुक रस्ता ऑक्टोबरअखेर बर्फाने बंद होतो काय? बर्फ पडल्यावर कळप कोणत्या बाजूने उतरतात?' असे विचारणाऱ्याने नकाशा वाचला आहे हे कळते. जुलैमध्ये उंच कुरणावर दिसलेला कळप नोव्हेंबरात तेथेच भेटेल असे मुळीच नाही.

जनावर शोधताना डोळ्यांपेक्षा वाऱ्याचा विचार आधी करावा, कारण एल्कचे नाक फार तीक्ष्ण असते. शाळेत आपण दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो, ते येथे कामास येतात. ऊन पडले की उतारावरची हवा तापून वर चढते. सायंकाळी ती थंड होऊन पाण्यासारखी खाली वाहते आणि उजाडेपर्यंत तशीच वाहत राहते. म्हणून पहाटे आणि सांजेला कळपाच्या खालच्या बाजूस असावे, ऊन चढल्यावर वरच्या. पहाटे व तिन्हीसांजेला कळप कुरणात चरतात आणि दिवसा बहुधा उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावरील गर्द सूचिपर्णी झाडीत बसून राहतात. भुकटीची लहान बाटली खिशात ठेवून वारंवार चिमूटभर उडवून पाहावी.

आणि आता त्या तीनशे किलोंकडे वळू. नवशिक्याची सारी तयारी गोळी सुटण्यापाशी संपते. खरे काम तेथून सुरू होते. हाडे सोडविली तरी मोठ्या नराचे नव्वद किलोंच्या आसपास मांस निघते. एकटा माणूस खेपेला तेवीस किलो नेईल असे धरले तर चार खेपा झाल्या. वाहन पाच किलोमीटरांवर असेल तर भरल्या पाठीने वीस आणि रिकाम्या पाठीने पंधरा, मिळून पस्तीस किलोमीटर चालणे, तेही तीन हजार मीटरांवर, वाट नसलेल्या उतारावर. हेच अंतर दोन किलोमीटर असते तर चौदा. कायद्याने राखीव ठेवलेल्या निर्जन अरण्यात मोटार नेता येत नाही. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे. जनावराचे कातडे जाड, आतली उष्णता कोंडून ठेवणारे. ते लवकर सोलून मांस सावलीत, वाऱ्यावर, जाळीदार कापडी पिशव्यांत टांगले नाही तर ते हाडाजवळून नासू लागते. तेव्हा सोबती किती, घोडे भाड्याने मिळणार काय, दुपारी ऊन किती, हे पाहून रस्त्यापासूनचे अंतर घरीच ठरवावे आणि नकाशावर पेन्सिलीने रेघ मारावी. रेघेपलीकडे कितीही देखणा नर उभा असला तरी बंदूक उचलावयाची नाही. आमच्या दृष्टीने या साऱ्या तयारीचे मर्म या रेघेत आहे. धापा टाकणाऱ्या, पहिल्यांदाच एल्क पाहणाऱ्या माणसाच्या हातून त्या क्षणी शहाणा निर्णय होणे कठीण. तो महिनाभर आधी झालेला असला पाहिजे.

नेमाचेही तसेच. चांदमारीच्या जागी टेकूवर बंदूक ठेवून कोणीही नेम साधतो. थोडे धावून, गुडघ्यावर बसून, जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात पाचही गोळ्या ज्या अंतरावरून बसतील, तेवढेच अंतर आपले मानावे. जनावर आडवे उभे असता खांद्याच्या मागे, फुप्फुसांवर, गोळी बसावी. पाठमोऱ्यावर झाडू नये. कायदेशीर वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत आहे, पण शेवटच्या मिनिटाला झाडलेल्या गोळीचा माग अंधारात काढावा लागतो, हे विसरू नये. एल्क जागेवरच कोसळेल असे नसते. तो कोठे उभा होता ती जागा पक्की लक्षात ठेवून, अर्धा तास थांबून, मग रक्ताच्या थेंबांवरून सावकाश निघावे. बहुतेक नवशिक्यांवर ही वेळ येतच नाही. कॉलोराडोत साधारण पाचांतल्या एकालाच जनावर मिळते, आणि बाकीचे रिकाम्या हाताने परततात.

ज्याला मिळाले त्याने परवान्याची चिठ्ठी लगेच भरून मांसाला जोडावी आणि नर की मादी हे ओळखू येईल असा अवयव तसाच राखावा. १९६७ मध्ये कॉलोराडोतच फोर्ट कॉलिन्स येथे हरणांचा एक झिजविणारा मेंदूरोग प्रथम लक्षात आला. तो माणसाला झाल्याचा पुरावा नाही, तरी रोगी जनावराचे मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. म्हणून त्या भागांत डोके तपासणीस देतात आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळे, नावनिशी लावून गोठवून ठेवतात. शिंगांची घाई करू नये. ती शेवटच्या खेपेला आणावीत.