आधी हिशेब, मग फोटो
विहार मंडळांनी मोबाईल व इंटरनेट कशासाठी वापरावे?

आपल्या वस्तीत बुद्धविहार असले की मंडळ असतेच. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, वर्षावासातील ग्रंथवाचन, वह्यावाटप, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, कोणाच्या घरी मयत झाली तर त्या कुटुंबाला हातभार. ही सारी कामे मंडळे वर्गणीवर करतात. ही वर्गणी देतो कोण? सफाई कामगार, नाका कामगार, रिक्षाचालक, चार घरची धुणीभांडी करणारी माउली. त्यांच्या वीस-पन्नास रुपयांमागे दिवसभराचा घाम असतो. म्हणून मंडळाच्या हाती आलेल्या मोबाईलचा पहिला उपयोग कोणता, हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आज बहुतेक मंडळांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, फेसबुकवर पान आहे. पण त्यावर दिसते काय? पदाधिकाऱ्यांचे वाढदिवस, हारतुरे, पाहुण्यांचे स्वागत आणि वह्या घेताना मान खाली घालून उभी असलेली मुले. जमाखर्च मात्र शोधूनही सापडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हा क्रम उलटा करावा. आधी हिशेब, मग उपयोगाची माहिती आणि सर्वांत शेवटी फोटो.

साधन नवे, गरज जुनी

आपल्या चळवळीला माध्यमाचे महत्त्व कोणी नव्याने शिकवायला नको. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' आणि १९३० साली 'जनता' सुरू झाले. 'जनता'चेच १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले. विचारांची वाण कधीच नव्हती, पैशाची मात्र कायम होती. छपाई, कागद आणि टपाल यांचा खर्च गरीब समाजाला पेलवत नव्हता.

आज तो खर्च जवळजवळ उरलेला नाही. २०२० साली टाळेबंदीत १४ एप्रिल आला तेव्हा आपण घरातच जयंती साजरी केली आणि कितीतरी मंडळांनी व्याख्याने मोबाईलवरून ऐकवली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी न करता घरूनच अभिवादन करावे असे आवाहन झाले व ते समाजाने पाळले. २०२१ साली मीना कोटवाल यांनी 'द मूकनायक' हे इंटरनेटवरील वृत्तमाध्यम सुरू केले. म्हणजे साधन आपल्याला वापरता येते. प्रश्न आहे तो शिस्तीचा.

पैसा कोणाच्या खात्यात?

२०१६ साली यूपीआय आले आणि वर्गणी मोबाईलवरून देणे सोपे झाले. पण अनेक ठिकाणी विहारात लावलेला क्यूआर कोड खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असतो. माणूस प्रामाणिक असला तरी ही पद्धत चुकीची आहे. त्याचा घरखर्च आणि समाजाचा पैसा एका खात्यात मिसळतो. उद्या खजिनदार बदलला, आजारी पडला किंवा वारला तर तो पैसा कोणाचा, हे सिद्ध करताना घरच्यांची आणि मंडळाची दोघांचीही फरफट होते. क्यूआर कोड संस्थेच्याच बँक खात्याचा असावा आणि त्यावर संस्थेचेच नाव दिसावे.

त्यासाठी संस्थेची नोंदणी हवी. आपल्याकडील बहुतेक मंडळे संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० यांखाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदवली जातात. नोंदणी आहे, पण दप्तरी जुनेच पदाधिकारी आणि त्यातील दोघे हयात नाहीत, अशी स्थितीही आढळते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेला नसला की बँकेत सही बदलताना अडते, आणि मग पुन्हा कोणाचे तरी खाजगी खाते पुढे येते. हे कागद आधी नीट करावेत, क्यूआर कोड नंतर लावावा.

देणगी मोबाईलवरून आली तरी पावती फाडलीच पाहिजे. पावतीचा फोटो देणाऱ्याला त्याच दिवशी पाठवावा. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत ग्रुपवर पाच ओळी टाकाव्यात : मागील शिल्लक, महिन्याची जमा, महिन्याचा खर्च, हाती शिल्लक, बँकेत शिल्लक. खर्चाच्या बिलांचे फोटो सोबत द्यावेत. देणगीदारांची यादी लावताना नावाऐवजी पावती क्रमांक लिहावा. म्हणजे वीस रुपये देणाऱ्या बाईला पाच हजार देणाऱ्याच्या शेजारी ओशाळे व्हावे लागत नाही, आणि आपले वीस रुपये जमा झाले हे तिला स्वतः पडताळता येते.

संस्थेला आयकराच्या सवलतीची मान्यता असेल तर नोकरदार देणगीदारांना आणखी एक गोष्ट सांगावी. २०१७ च्या अर्थसंकल्पाने अशा सवलतीसाठी रोख देणगीची मर्यादा दहा हजारांवरून दोन हजार रुपयांवर आणली. त्याहून मोठी देणगी धनादेशाने किंवा ऑनलाइन दिली तरच सवलतीसाठी धरली जाते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला.

ग्रुप की बाजार?

महत्त्वाची सूचना शंभर शुभेच्छांखाली गाडली जाते, हा सर्वांचा अनुभव आहे. यावर उपाय सोपा आहे. दोन ग्रुप करावेत. एक केवळ सूचनांचा. त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. दुसरा गप्पांचा. सूचनांच्या ग्रुपचे ॲडमिन किमान तिघे असावेत आणि त्यात एक तरी महिला मंडळाची असावी.

सूचना चित्रात छापून टाकण्यापेक्षा साध्या मराठी अक्षरांत लिहावी. चित्रातली तारीख दोन महिन्यांनी शोधू म्हटले तर सापडत नाही. लिहिलेली चटकन सापडते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीच सूचना अर्ध्या मिनिटात बोलून पाठवावी.

पण सगळ्यांकडे मोबाईल आहे असे धरून चालू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल असल्याचे दिसले. अनेक घरांत एकच मोबाईल असतो आणि तो सकाळी घरधन्याबरोबर कामावर जातो. तेव्हा विहाराबाहेरचा खडूने लिहायचा फळा पुसून टाकू नका. जे ग्रुपवर ते फळ्यावर, हा नियमच करावा. हिशेबाच्या त्या पाच ओळीसुद्धा.

विहारात रविवारी अर्ज

आमच्या मते मंडळाच्या मोबाईलचा सर्वांत मोठा उपयोग शिष्यवृत्तीसाठी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी संकेतस्थळावरून भरावी लागते आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मुदत केव्हा संपते हे कित्येक घरांना कळतच नाही. दुसरी अडचण बँकेची. बँकेत आधारची प्रत दिली म्हणजे झाले, असे पालक समजतात. प्रत्यक्षात सरकारी पैसा कोणत्या खात्यात यायचा ते खाते आधारशी वेगळे जोडावे लागते. ते जुन्या, विसरलेल्या खात्याशी जोडलेले असेल तर पैसा तिकडे जातो आणि मुलगी महाविद्यालयात फीसाठी ताटकळत उभी राहते.

वस्तीतील दोन शिकलेल्या मुलामुलींनी दर रविवारी दोन तास विहारात लॅपटॉप घेऊन बसावे. अर्ज भरावेत, मुदतीच्या तारखा ग्रुपवर व फळ्यावर द्याव्यात, खाते तपासून द्यावे. याला देणगी लागत नाही, मंडप लागत नाही.

मदत घेणाऱ्याचा मान

आता फोटोविषयी. बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान दिला. समाजाच्या पैशातून समाजाच्या मुलाला वही मिळते, त्यात उपकार कसला? मग त्या मुलाचा चेहरा गावभर का फिरवायचा? तो फोटो दहा वर्षांनीही इंटरनेटवर राहतो. फोटो काढायचाच असेल तर वह्यांच्या गठ्ठ्याचा काढावा, अभ्यासिकेचा काढावा. मुलाचा काढायचा झाल्यास आईवडिलांना आधी विचारावे, आणि 'नाही' म्हटले तरी वही द्यावीच.

आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हे कागद ग्रुपवर कधीही मागवू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. एकाच कार्यकर्त्याकडे कागद द्यावेत आणि अर्ज भरल्यावर त्याने ते मोबाईलमधून पुसावेत.

मायभगिनींनीही एक गोष्ट गाठीस बांधावी. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. 'शिष्यवृत्ती जमा करतो, पिन टाका' असे कोणी म्हणाले की तो चोर समजावा. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा हाती लागणे कठीण.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक सभासदाने तीनच प्रश्न विचारावेत. क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे? मागील महिन्याचा हिशेब कुठे लावला आहे? आपल्या वस्तीतील किती मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून झाले? विचारणाऱ्याला कोणी विरोधक ठरवू नये. वर्गणी देणाऱ्याचा तो हक्क आहे, आणि उत्तर तयार ठेवणे हे पदाधिकाऱ्याचे काम आहे.

जयभीम!