धोब्याकडे धाडलेले गोलंदाज

18 एप्रिल 2008. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर आयपीएलचा पहिलावहिला सामना. कोलकात्याच्या ब्रेंडन मॅकलमनं 73 चेंडूंत नाबाद 158 धावा कुटल्या, त्यात 13 षटकार. झहीर खान, जॅक कॅलिस, कुणाचीच डाळ शिजली नाही. मग राहुल द्रविडचा यजमान संघ 82 धावांत गारद झाला. त्यात सर्वाधिक वाटा अवांतर धावांचा, 19!

असा चोप खाणाऱ्या गोलंदाजांना इंग्रजी समालोचक ‘टेकन टू द क्लीनर्स’ म्हणतात. क्लीनर्स म्हणजे कपडे धुणारे, पण अमेरिकेत रुळलेला अर्थ पैशांचा: जुगारात किंवा घटस्फोटात एखाद्याला पार नागवणं. आपली बिनपाण्यानं हजामतच ती. क्रिकेटच्या मैदानावर तिची धुलाई झाली.

‘डेसिमेट’ तर त्याहून वाकडा. रोमन सैन्यात बंडखोर तुकडीतल्या दर दहांपैकी एकाला चिठ्ठ्या टाकून ठार करत, त्यावरून हा शब्द आला. आज तो सरसकट धूळधाणीला वापरतात. 23 एप्रिल 2017 ला ईडन गार्डन्सवर बेंगळुरूचा संघ 49 धावांत आटोपला आणि एकाही फलंदाजानं दोन आकडे गाठले नाहीत. केदार जाधवच्या 9 धावा सर्वाधिक. रोमन हिशेबानं एकच गडी जायला हवा होता, गेले दहाही.

मैदानावरून टीकेकडे वळलं, तर तिथल्या शब्दप्रयोगांत नेम कुणावर आहे, ते पाहावं. ‘टोअर इट टू श्रेड्स’मध्ये चिंध्या होतात त्या अहवालाच्या, नाटकाच्या, युक्तिवादाच्या, लिहिणारा शाबूत राहतो, निदान कागदोपत्री. ‘ड्रेसिंग डाउन’ मात्र माणसाची, आणि तीही बहुधा वरिष्ठानं केलेली खरडपट्टी. कपड्यांशी तिचा काही संबंध नाही.

खुद्द बेंगळुरूही या शब्दसंग्रहात जाऊन बसलं. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली आयटीची कामं इकडे येऊ लागली, तेव्हा नोकरी गमावलेला तिकडचा माणूस ‘आय वॉज बँगलोर्ड’ म्हणू लागला. हा शब्द टी-शर्टांवरही झळकला. 2009 मध्ये बराक ओबामांनी करसवलतींवर बोलताना अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या तुलनेत बंगळूरचंच नाव घेतलं.

गावाचं असं क्रियापद होणं नवं नाही. एकोणिसाव्या शतकात खलाशांना फसवून जहाजावर चढवत, त्याला ‘शांघाय’ करणं म्हणत. मराठी माणसानं नाक मुरडायचं कारण नाही. 1761 पासून आपल्याकडे निवडणुकीपासून परीक्षेपर्यंत सगळ्यांचं पानिपत होतंच आहे.

2014 मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बेंगळुरू झालं. ‘बेंगळुरूड’ मात्र अजून ऐकिवात नाही.