फक्त मेक आणि शेल: फोनवरच बिल्ड चालवा, कमीत कमी सामानात

‘बिल्ड’ म्हटलं की मोठ्या कंपनीतला मोठा कॉम्प्युटर डोळ्यांपुढे येतो. पण शब्दाचा अर्थ साधा आहे. कच्च्या फाइलींपासून वापरायला तयार फाइल बनवणं म्हणजे बिल्ड. कोडचं ॲप होतं तो बिल्ड, आणि दहा टेक्स्ट फाइली जोडून एक वेब पान होतं तोही बिल्डच. हे काम दरवेळी हाताने न करता एका कमांडवर व्हावं, याला बिल्ड ऑटोमेशन म्हणतात.

मी आसगावचा, पवनी तालुका, जिल्हा भंडारा. आमच्याकडे सगळा हिशोब धानाचा, म्हणून उदाहरणही तिथलंच देतो. रोवणी करायची तर दोन गोष्टी तयार लागतात: पऱ्हे आणि चिखलणी झालेली बांधी. पऱ्हे अजून लहान असतील तर रोवणी थांबते. बांधीची चिखलणी कालच झाली असेल तर आज पुन्हा कोणी करत नाही. कोणत्या कामाआधी कोणतं काम, आणि कोणतं आधीच झालंय, एवढं ज्याला कळतं तो चांगला शेतकरी. बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामलाही एवढंच कळावं लागतं.

असा सगळ्यात जुना आणि अजून जोरात चालणारा प्रोग्राम म्हणजे मेक. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एक अख्खी सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधत बसले होते. चूक दुरुस्त झालेलीच होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल झाली नव्हती. फेल्डमन यांनी त्याच शनिवार-रविवारी मेकचा पहिला नमुना बनवला. पुढे २००३ मध्ये या कामासाठी त्यांना एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. आज आपण वापरतो तो बहुतेक वेळा ग्नू मेक असतो, तो रिचर्ड स्टॉलमन आणि रोलँड मॅकग्राथ यांनी लिहिलेला.

आता प्रश्न येतो की पन्नास वर्षं जुनं साधन कशाला? नवीन साधनं भरपूर आहेत की. आहेत, आणि काही खरंच छान आहेत. पण त्यांच्यासोबत येणारं सामान बघा. अँड्रॉइड ॲप बनवायला लागणारं ग्रेडल चालवायचं तर आधी जावा लागतं, आणि ग्रेडलचं स्वतःचं डाउनलोड शंभर एमबीच्या वर जातं. जावास्क्रिप्टच्या जगात तर एक पॅकेज मागवलं की त्याच्यामागे शेकडो येतात. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याने अख्खी वाडी आणावी, तसं. या मागून येणाऱ्या सामानाला डिपेंडन्सी म्हणतात. तुमच्या डिपेंडन्सीच्याही डिपेंडन्सी असतात, आणि त्यातल्या बहुतेकांची नावंही तुम्हाला माहीत नसतात.

त्याने काय बिघडतं? दोन खऱ्या गोष्टी सांगतो. २२ मार्च २०१६ ला एका डेव्हलपरने नावाच्या वादातून आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं ११ ओळींचं एक पॅकेज होतं. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणं. पण बेबेलसारखी मोठी साधनं फिरून फिरून त्यावर अवलंबून होती, त्यामुळे जगभर हजारो लोकांचे बिल्ड एकदम अडले. शेवटी एनपीएमने ते पॅकेज स्वतःच परत चढवलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइल दाबण्याच्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवलाय. त्यांना संशय आला तो सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून! आपल्या विषयासाठी महत्त्वाचं हे की चोरीची पहिली पायरी मूळ कोडमध्ये नव्हतीच. ती प्रकाशित केलेल्या पॅकेजमधल्या बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये लपवली होती. बिल्ड चालला की मागचा भाग उलगडायचा. म्हणजे बिल्डचं सामान जितकं जास्त, तितक्या लपायच्या जागा जास्त.

आता आमचं काम सांगतो. आमच्या अभ्यासिकेचा गट पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेचे सराव प्रश्नसंच बनवतो आणि दर रविवारी सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवतो. लॅपटॉप गटात एकाकडेही नाही. आधी हे संच एका तयार साइट-जनरेटरवर बनायचे, तेही एकाच मुलाच्या फोनवर. तो नागपूरला कामाला गेला आणि दुसऱ्याच्या फोनवर तेच जनरेटर बसवायची वेळ आली. शनिवारी रात्री दिवसाचा १.५ जीबी डेटा डाउनलोडमध्येच संपत आला. त्यात एक पॅकेज बसेचना. कारण तांत्रिक होतं: त्या पॅकेजमधला एक तुकडा नेहमीच्या लिनक्ससाठी आधीच तयार केलेला होता. लिनक्सवर साधारणपणे ग्लिबसी ही मूळ लायब्ररी असते, अँड्रॉइडवर बायोनिक असते. एकासाठी बनवलेला तुकडा दुसऱ्यावर चालत नाही. त्या रविवारी संच गेला नाही. भरती आठ दिवसांवर आलेल्या पोरांना ही ग्लिबसी-बायोनिकची भानगड कोण समजावणार?

त्यानंतर नियम ठरला: बिल्डला लागेल तेवढं सगळं कोणाच्याही फोनवर दहा मिनिटांत बसलं पाहिजे. त्यातून यादी उरली ती शेल, मेक आणि झिप. बस.

फोनवर हे करायला टर्मक्स नावाचं मोफत ॲप घ्या. एफ-ड्रॉइडवरून घेतलेलं बरं, कारण प्ले स्टोअरवरची आवृत्ती वेगळी आहे आणि सूचना वाचताना गोंधळ होतो. टर्मक्स स्वतः हलकं नाही, हे आधीच सांगतो. पण ते एकदाच घ्यायचं. त्यात शेल, कॅट, सेड, टार ही साधनं आधीच असतात. मग ‘पीकेजी इन्स्टॉल मेक झिप’ ही कमांड द्यायची. इथे मी कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. मेकचं पॅकेज काही शे केबीचं आहे. एखादा गुड मॉर्निंगचा व्हिडिओसुद्धा त्याहून मोठा असतो.

मग प्रश्नांच्या फोल्डरमध्ये ‘मेकफाइल’ नावाची एक फाइल बनवायची. तिचं नाव इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं. आतल्या फाइलींची नावं मराठीत ठेवली तरी मेकला चालतं, फक्त नावात मोकळी जागा नको. एक नियम असा दिसतो:

संच-०७: वरचा-भाग प्रश्न-०७ खालचा-भाग
⇥ कॅट वरचा-भाग प्रश्न-०७ खालचा-भाग > संच-०७.नवा
⇥ एमव्ही संच-०७.नवा संच-०७

विसर्गासारख्या चिन्हाच्या डावीकडे काय बनवायचं ते, उजवीकडे कशापासून बनवायचं ते, आणि खाली कसं बनवायचं ते. ‘वरचा-भाग’ म्हणजे वेब पानाची सुरुवात. त्यात अक्षरसंच यूटीएफ-८ आहे हे नमूद करा, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन आणि विचित्र खुणा दिसू शकतात. तयार फाइलीच्या नावाला शेवटी एचटीएमएल हे शेपूट लावा, म्हणजे फोन ती ब्राउझरमध्ये उघडेल.

मेक करतं काय, तर फाइलींच्या वेळा बघतं. ‘प्रश्न-०७’ ही फाइल ‘संच-०७’पेक्षा नंतर बदललेली असेल तरच संच पुन्हा बनवतं. नसेल तर ‘अप टू डेट’ म्हणून गप्प बसतं. आमच्याकडे ४१ संच आहेत. एका प्रश्नातली चूक सुधारली तर एकच संच बनतो, बाकी चाळीस जागचे हलत नाहीत. पण ‘वरचा-भाग’ बदलला तर सगळेच नव्याने बनतात, आणि तसंच व्हायला हवं. प्रत्येक संचासाठी वेगळा नियमही लिहावा लागत नाही. पहिल्या ओळीत आकड्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि खालच्या कमांडमध्ये ‘$*’ टाकलं की एकच नियम सगळ्यांना लागू होतो.

त्या ⇥ खुणेबद्दल. कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाहीत. स्पेस दिल्या तर मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणतं आणि थांबतं. माझ्या मते हा मेकचा सगळ्यात वैताग आणणारा भाग आहे. फेल्डमन यांनाही हे पुढे कळलं होतं, पण तोवर त्यांचे डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून टॅब तसाच राहिला. डझनभर लोकांची सोय पाहिली आणि पन्नास वर्षं सगळं जग टॅब दाबतंय! फोनच्या साध्या कीबोर्डवर टॅब नसतो, पण टर्मक्सच्या तळाशी जादा बटणांची पट्टी असते, तिथे तो आहे.

वरच्या नियमात ‘.नवा’ कशाला, असं काहींना वाटेल. समजा फाइल अर्धी लिहून झाली आणि बॅटरी गेली. अर्धवट संच तयार, आणि त्याची वेळ प्रश्नांच्या फाइलीपेक्षा नवी. पुढच्या वेळी मेक म्हणणार, हे तर झालंय. लोकांना अर्धाच संच जाणार. म्हणून आधी वेगळ्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झाल्यावरच खऱ्या नावावर हलवायचं. फोनवर हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण अँड्रॉइड १२ पासून मागे चालणाऱ्या प्रक्रियांवर मर्यादा आली आणि सिस्टिम टर्मक्समधलं काम मध्येच मारू शकते. तेव्हा ‘सिग्नल ९’ असं काहीतरी दिसतं. घाबरायचं नाही, पुन्हा मेक चालवायचं. जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे जातं.

दुसरी अडचण घड्याळाची. मेकचा सगळा कारभार वेळेवर, त्यामुळे कोणाच्या फोनची तारीख चुकलेली असेल तर गडबड होते. फाइल उद्याची असेल तर मेक ‘क्लॉक स्क्यू’ असा इशारा देतं. तो दिसला की आधी फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्यावर ठेवा.

सामान कमी ठेवायचं म्हणजे काही गोष्टी सोडाव्या लागतात, तेही सांगितलं पाहिजे. नकाशांचे फोटो लहान करायला इमेजमॅजिक हे ताकदवान साधन आहे, पण ते बसवलं की मागून लायब्ऱ्यांची रांग येते. आम्ही ते घेतलं नाही. फोटो टाकणाराच गॅलरीत लहान करून टाकतो. थोडं हाताचं काम वाढलं, पण दर शनिवारी दोन-तीनच फोटो असतात. शंभर फोटो असते तर मीच इमेजमॅजिक घ्या म्हटलं असतं. आणि तुमचं काम दोन-तीन पायऱ्यांचंच असेल तर मेकही नको, साधी शेल स्क्रिप्ट पुरते.

मोठ्या कामांतही हा साधेपणा दिसतो. लोहित देवनागरी हा मुक्त फॉन्ट तुम्ही लिनक्सवर पाहिला असेल. श्री-लिपीवाल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले हे फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिले, आणि २०११ पासून ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्याचा कच्चा माल उतरवून घेतला तर फॉन्ट बनवायची कमांड मेकचीच आहे. मागे लागतं ते फॉन्टफोर्ज आणि पायथॉन. उलट बाजूही आहे: अँड्रॉइड स्वतः आधी ग्नू मेकवर बनायचं, पण पसारा इतका वाढला की अँड्रॉइड ७ पासून गुगलने सूंग ही नवी व्यवस्था आणली. एवढा पसारा असेल तर मेक कमी पडतं. ४१ प्रश्नसंचांना नाही पडत.

तुमचा बिल्ड खरंच कमी सामानात चालतो का, हे तपासायची पद्धत अशी. सगळे तयार संच पुसून टाका, कच्चा माल तेवढा ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. आता मेक चालवा. बिल्डच्या मध्येच काही नेटवरून मागवलं जात असेल तर तिथेच अडकेल आणि काय मागतोय ते स्क्रीनवर दिसेल. आधी ‘मेक’च्या पुढे ‘-एन’ लावून पाहिलं तर काही न बनवता नुसती कामांची यादी दिसते, तीही वाचून घ्या. मग तेच फोल्डर झिप करून गटातल्या सगळ्यात जुन्या फोनवर पाठवा आणि तिथे हीच चाचणी घ्या. आमच्याकडे तो ३ जीबी रॅमचा, कोपऱ्यात काच फुटलेला फोन आहे, आणि दर शनिवारचा बिल्ड आता त्याच्यावरच होतो. मालकीण अकरावीत आहे.