ताकासागो तालीम

सुमो ही जपानची फार जुनी मल्लविद्या होय. सुमारे साडेचार मीटर व्यासाच्या मातीच्या वर्तुळात दोन मल्ल एकमेकांना भिडतात. जो वर्तुळाबाहेर जाईल, किंवा ज्याच्या तळपायांखेरीज शरीराचा अन्य कोणताही भाग भूमीस टेकेल, तो हरला. पुष्कळदा हा सामना अर्ध्या मिनिटाच्या आतच संपतो. परंतु त्या अर्ध्या मिनिटासाठी मल्लाला आपले सारे तारुण्य एका घरात घालवावे लागते. त्या घरास जपानी भाषेत 'हेया' म्हणतात. या शब्दाचा साधा अर्थ 'खोली' असा आहे. पण आपण तिला तालीमच म्हणू.

तोक्यो नगरीतील ताकासागो तालीम ही जुन्या तालमींपैकी एक. तिचा जन्म मात्र भांडणातून झाला. पूर्वी मल्लांना सरदारांचा आश्रय असे. 1868 नंतर जपानात नवी राजवट आली, सरदारांच्या जहागिरी गेल्या आणि मल्ल निराधार झाले. सामन्यांच्या उत्पन्नातील वाटा मल्लांना न्यायाने मिळावा, अशी मागणी ताकासागो उरागोरो नावाच्या मल्लाने केली. तेव्हा 1873 साली त्याला संघातून काढून टाकण्यात आले आणि मल्लांच्या छापील क्रमपत्रिकेवरील त्याचे नाव शाईने काळे करण्यात आले. तो डगमगला नाही. त्याने आपला निराळा संघ उभारला. 1878 साली समेट होऊन तो तोक्योस परतला आणि त्याच्या नावाने ही तालीम नांदू लागली.

तालमीतील जीवन कष्टाचे असते. पहाटे उपाशीपोटीच मेहनत सुरू होते. एकेक पाय उंच उचलून तो भूमीवर आपटणे, लाकडी खांबावर तळहातांनी प्रहार करणे, दोन्ही पाय फाकवून छाती जमिनीस टेकवणे हे व्यायाम नित्याचेच. मेहनत आटोपली म्हणजे मांस, मासे व भाज्या एकत्र शिजवून केलेले 'चांको' हे कालवण आणि भात असे भरपेट जेवण. ते रांधतात धाकटे मल्ल. पण ते आधी जेवत नाहीत. थोरांना वाढायचे आणि उरेल ते शेवटी आपण खायचे, अशी रीत आहे. वरच्या दोन श्रेणींतील मल्लांनाच वेतन मिळते. येथे मान वयाला नाही, विजयाला आहे!

पुढे माएदायामा हा या तालमीचा वस्ताद झाला. हा 'योकोझुना', म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल होता. 1949 साली प्रकृतीचे कारण सांगून त्याने स्पर्धा सोडली आणि त्याच दिवसांत तो बेसबॉलचा खेळ पाहताना लोकांना दिसला. त्यामुळे त्याला निवृत्त व्हावे लागले. पण ज्याच्यावर अशी नामुष्की ओढवली, त्याच माणसाने जपानबाहेरील एका मुलासाठी तालमीचे दार उघडले.

तो मुलगा म्हणजे हवाई बेटांतील जेसी कुहाउलुआ. लहानपणी मोटारीच्या अपघातात त्याच्या दोन्ही पायांना दुखापत झाली होती. पाय बळकट व्हावेत म्हणून तो सुमो शिकू लागला. 1964 साली, एकोणिसाव्या वर्षी, तो तोक्योस आला. भाषा परकी, अन्न परके, थंडी तर कधी न पाहिलेली! पाय फाकवण्याच्या व्यायामात त्याच्या डोळ्यांतून पाणी येई, तेव्हा तो म्हणे की हे अश्रू नव्हेत, डोळ्यांना घाम आला आहे. गळ्यावर बसलेल्या एका आघाताने त्याचा आवाज कायमचा घोगरा झाला. तरी तो परत गेला नाही. तालमीतील पूर्वीच्या मल्लांनी गाजवलेले 'ताकामियामा' हे नाव त्याला मिळाले.

1972 च्या जुलै महिन्यात नागोया येथील स्पर्धेत पंधरा दिवसांत तेरा सामने जिंकून त्याने अजिंक्यपद मिळवले. सुमोच्या सर्वोच्च श्रेणीत हा मान मिळवणारा तो पहिला परदेशी मल्ल. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे अभिनंदनपत्र तेथे वाचून दाखवण्यात आले. ते ऐकावयास माएदायामा मात्र नव्हता; आदल्या वर्षीच त्याचे निधन झाले होते.

ताकामियामा 1984 साली निवृत्त झाला. वस्ताद होण्यास जपानी नागरिकत्व आवश्यक असल्याने ते त्याने आधीच, 1980 साली, घेतले होते. 1986 मध्ये त्याने स्वतःची तालीम काढली. तेथे हवाईहूनच आलेला आकेबोनो हा त्याचा शिष्य 1993 साली पहिला परदेशी योकोझुना झाला. ताकासागो तालमीतही पुढे मंगोलियाचे मल्ल आले. त्यांपैकी आसाश्योर्यू याने पंचवीस अजिंक्यपदे जिंकली. आणि 2020 साली या तालमीच्या वस्तादपदावर जो बसला, तो आसासेकिर्यूही मंगोलियातच जन्मलेला आहे.