बंद ड्रममधलं ग्लिसरीन

ग्लिसरीनचा निळा ड्रम 250 किलोचा असतो. त्याचं बूच पान्याने सोडवायचं, आत लांब नळी घालून तळापासून वरपर्यंतचा नमुना ओढायचा, आणि तोवर हात, एप्रन, जमीन सगळं चिकट झालेलं असतं. तारापूरच्या एका लहानशा औषध कारखान्यात मी गुणनियंत्रणात लागले, तेव्हा सोळा ड्रम आले की पाच उघडायचे, असा रिवाज होता. वर्गमूळ अधिक एक. मी सोळाही उघडायचा हट्ट धरला. स्टोअरचे काका वैतागले. "मॅडम, सीओए आलंय ना सोबत? साडेनव्याण्णव टक्के लिहिलंय त्यात. खाली बॅच अडकलीय!" सीओए म्हणजे पुरवठादाराने दिलेलं तपासणीचं प्रमाणपत्र. सोळाही नमुने चोख निघाले. तरी नोकरी संपेपर्यंत मी हा हट्ट सोडला नाही, कारण माझ्या डोक्यात जेजे होतं.

1986च्या सुरुवातीला मुंबईच्या जेजे रुग्णालयात डोळ्यातला आणि मेंदूतला दाब उतरावा म्हणून रुग्णांना ग्लिसरीन पाजलं गेलं. चौदा जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंत सगळी साखळी उघडी केली. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो अहवाल वाचायला लावावा, असं मला आजही वाटतं.

डायएथिलिन ग्लायकॉल दिसतं कसं? अगदी ग्लिसरीनसारखं. रंग नाही, वास जवळजवळ नाही, दाट, आणि चवीला गोड. ब्रेक ऑइलमध्ये, रंग-शाईच्या धंद्यात ते लागतं आणि स्वस्त मिळतं. पोटात गेलं की आधी उलट्या, मग एक-दोन दिवसांत लघवी बंद. शरीरात त्याचं जे आम्ल होतं, ते मूत्रपिंड निकामी करतं. दोन बीकर शेजारी ठेवले तर मलाही नजरेने सांगता यायचं नाही. पातळ थराच्या प्लेटवर थेंब चढवून ती आयोडीनच्या वाफेत धरली, की तपकिरी ठिपके उमटतात आणि तेव्हाच दोघांची जागा वेगळी दिसते. गॅस क्रोमॅटोग्राफवर तर ग्लायकॉलचं टोक आधी येतं, ग्लिसरीनचं बऱ्याच वेळाने. आलेखाचा कागद सरकत असतो आणि मधली रेघ सपाट राहावी म्हणून आपण श्वास रोखून बसलेलो असतो. मर्यादा आहे 0.10 टक्का.

हे ड्रम ज्या धंद्यात जातात, त्याची आता थोडी पार्श्वभूमी. पेटंटची मुदत संपली की तेच औषध दुसऱ्या कंपन्या बनवतात, ते जेनेरिक. रक्तात ते मूळ औषधाइतकंच उतरतं हे दाखवावं लागतं. जगात खपणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी संख्येने साधारण पाचवा हिस्सा भारतातून जातो. 2008मध्ये चिनी कच्च्या मालातल्या भेसळीमुळे अमेरिकेत हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने बळी घेतले, 2013मध्ये रॅनबॅक्सी या भारतीय जेनेरिक कंपनीने खोट्या नोंदींच्या प्रकरणात तिथे 50 कोटी डॉलर भरले. जेनेरिक म्हणजे दुय्यम, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. त्याच गोळ्यांवर कोट्यवधी माणसं जगतात.

माझं मन गुंततं ते ड्रमच्या प्रवासात. 1996मध्ये हैतीत पॅरासिटामॉलच्या सिरपने ऐंशीहून अधिक मुलं गेली. सिरप तिथलंच, ग्लिसरीन मात्र आयात केलेलं. माग काढत गेल्यावर वाट जर्मनी, नेदरलँड्स अशी थेट चीनपर्यंत पोचली. मधल्या एका डच व्यापाऱ्याकडे नमुन्याचा अहवाल होता, त्यात ग्लिसरीन जेमतेम 54 टक्के. हैतीला कुणी कळवलं नाही. पुढे पनामा, 2006. चीनहून निघालेले 46 ड्रम बार्सिलोनामार्गे पनामाच्या सरकारी औषधशाळेत पोचले. मूळ कागदावर 'टीडी ग्लिसरीन' असं होतं. टीडी हा चिनी शब्दाचा संक्षेप, अर्थ 'पर्यायी'. प्रत्येक व्यापाऱ्याने प्रमाणपत्र आपल्या नावाने नव्याने उतरवलं, मूळ कारखान्याचं नाव गळत गेलं, 'टीडी'ही गेलं आणि साडेनव्याण्णव टक्के तेवढे राहिले. ड्रम कुणीच उघडून तपासला नाही. शंभरावर माणसं मेली. मशीद बंदरजवळच्या वडगादीत मी मुद्दाम फिरले आहे. एकाच पेढीवर औषधी ग्लिसरीन मिळतं आणि कारखान्यांसाठीचंही. लेबल सोडलं तर ड्रम सारखेच.

विष सिरपमध्येच का सापडतं, असं मला पुष्कळजण विचारतात. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही. ते विरघळवायला प्रॉपिलिन ग्लायकॉलसारखा द्राव लागतो, आणि दाटपणाला व गोडीला ग्लिसरीन. गोळीत यातलं काही लागत नाही. म्हणून धोका येतो तो ज्यांना गोळी गिळता येत नाही त्यांच्या वाट्याला.

2022मध्ये गांबियात हेच झालं. बांजुलच्या रुग्णालयात लघवी बंद झालेली लहान मुलं येऊ लागली. साठाच्या वर दगावली. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातल्या एका कंपनीच्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. कंपनीने दोष नाकारला, आपल्या सरकारनेही इथे ठेवलेले नमुने शुद्ध असल्याचं सांगितलं. पण गांबियाकडे औषध तपासायला स्वतःची प्रयोगशाळाच नव्हती, नमुने परदेशी पाठवावे लागले, हे मला सगळ्यात जास्त लागलं. आयात करणारा देश जितका गरीब, तितका तो कागदावर विसंबून. जून 2023पासून आपल्याकडे खोकल्याचं सिरप परदेशी पाठवण्याआधी सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. मला आनंद झाला, आणि लगेच प्रश्न पडला : परदेशी पाठवण्याआधीच का? उत्तर 2025मध्ये मिळालं. छिंदवाड्याच्या परासिया भागातली मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. कांचीपुरमजवळ बनलेल्या सिरपात डायएथिलिन ग्लायकॉल निघालं 48.6 टक्के. जवळजवळ अर्धी बाटली! एकदा प्लेट लावली असती तरी दिसलं असतं.

पनामाचीच एक गोष्ट मी प्रशिक्षणार्थींना हमखास सांगत असे. सिरपाच्या त्या मृत्यूंना वर्षही उलटलं नव्हतं. 2007च्या मे महिन्यात एदुआर्दो आरियास नावाचा एक साधा सरकारी कर्मचारी एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात शिरला. कुना या आदिवासी जमातीतला माणूस. टूथपेस्टच्या ट्यूबवर घटकांमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे नाव सरळ छापलेलं त्याने वाचलं. आयात होऊन ती फळीवर लागेपर्यंत ते कुणाच्या डोळ्यांना खटकलं नव्हतं. आरियासला ते नाव कुठून ठाऊक होतं, हे तिथल्या कुणालाही विचारावं लागलं नसतं. त्याने ट्यूब विकत घेतली आणि आरोग्य खात्याच्या कचेरीत नेऊन दिली. शोध सुरू झाला, तेव्हा ती विषारी टूथपेस्ट 34 देशांत सापडली.