पडघ्याचा काळा दगड डायनासोरच्या काळातला; मग त्यात जीवाश्म का नाहीत?

मुंबई-नाशिक महामार्गावर पडघा परिसरात दगडखाणी आणि रस्त्यासाठी कापलेले डोंगर नजरेस पडतात. हा काळा दगड, म्हणजे बसॉल्ट, खडी होऊन रस्त्यांत आणि इमारतींत जातो. पण त्याच्या थरांत डायनासोरच्या अखेरच्या काळाची नोंद आहे. ती वाचतात कशी?

हा दगड आला कुठून?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा वाहिला. तोही एकदाच नव्हे, तर थांबून थांबून. प्रत्येक वेळी नवा थर साचला. माहुलीचे सुळके आणि कळसूबाईचे शिखर याच थरांचे आहे. हा 'दख्खनचा पठारी बसॉल्ट' आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

थर वाचायचे कसे?

घरातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात सर्वांत जुना पेपर तळाशी असतो. खडकांचेही तसेच. खालचा थर जुना, वरचा नवा. निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये हा नियम मांडला. मात्र नुसत्या उंचीवर भरवसा ठेवता येत नाही. पनवेल पट्ट्यात थर समुद्राच्या दिशेने कलले आहेत. म्हणून प्रत्येक थरातील रासायनिक घटक तपासून दूरदूरचे थर जुळवले जातात. या थरसमूहांना नावेही आपल्याच गावांची आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, महाबळेश्वर.

मग जीवाश्म कुठे मिळतात?

लाव्हाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असते. त्यात सापडलेला जीव बहुतेक वेळा जळूनच जातो. त्यामुळे जीवाश्म शोधायचे ते थरांच्या मध्ये किंवा खाली.

दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला. मुंबईत वरळीच्या अशाच गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. 'डायनोसोरिया' हा शब्द रूढ करणारे शास्त्रज्ञ ते हेच.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनासोरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डायनासोरच्या काळात गवत होते, याचा पुरावा महाराष्ट्रातून मिळाला.

तांबडा पट्टा महत्त्वाचा का?

सह्याद्रीत अनेक ठिकाणी दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो. लाव्हा थांबला, खडक झिजून माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजली, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. म्हणजे हा पट्टा उद्रेकातील विश्रांतीची खूण. अशा काही पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिर्कॉनचे स्फटिक मिळतात आणि त्यांवरून वय काढता येते.

डायनासोर संपले ते मेक्सिकोतील उल्काघातामुळे की दख्खनच्या ज्वालामुखीमुळे, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये दोन गटांनी 'सायन्स' या नियतकालिकात सह्याद्रीच्या थरांची वये मांडली. एका गटाने झिर्कॉनवरून काढले, की उल्का आदळण्याच्या काही दशसहस्र वर्षे आधीच मोठा उद्रेक सुरू झाला होता. दुसऱ्या गटाने थेट लाव्हाचे वय मोजून म्हटले, की बहुतांश लाव्हा उल्काघातानंतर वाहिला.

धोका काय?

बांधकामाला कठीण काळा दगड लागतो. ठिसूळ तांबड्या थराला फारशी किंमत नाही. डोंगर फुटला की दोन्ही एकदमच जातात. वरळीची टेकडी आज इमारतींनी वेढलेली आहे. दुसरीकडे, पडघ्याजवळच्या आमणेपासून इगतपुरीकडे चढणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या कामांमुळे नवे थर उघडेही पडतात. पण कडा ढासळू नये म्हणून काँक्रीट मारले, की ते पुन्हा झाकले जातात. त्याआधी नोंद झाली तरच उपयोग.

भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता.

तुम्हाला काही वेगळे दिसले तर?

- खाणीत किंवा कड्याखाली जाऊ नका. सुरक्षित अंतरावरून फोटो काढा.
- फोनमधील लोकेशन सुरू ठेवा.
- हाडासारखा किंवा शिंपल्यासारखा आकार दिसला तर उकरू नका. कोणत्या थरात सापडला हे कळले नाही, तर जीवाश्माचे निम्मे महत्त्व जाते.
- जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.