जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार – लेखांक नववा : क्रोमचा मुलामा आणि कारखान्याची पारख

गेल्या लेखांकात पत्र्याची डागडुजी व रंगापूर्वीची सिद्धता यांचे विवेचन केले. रंगाच्या कामात कसूर झाली तर तो खरवडून पुन्हा देता येतो आणि मालकाची हानी पैशापुरती राहते. परंतु बंपर, ग्रिल, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी आणि बॉनेटवरील बोधचिन्ह हे भाग मुलाम्यासाठी परक्या कारखान्याच्या हवाली करताना प्रसंग निराळा असतो, कारण तेजाबाच्या टाकीत झिजलेली मूठ अथवा बफच्या चाकाखाली पुसट झालेली अक्षरे कितीही मोबदला दिला तरी परत मिळत नाहीत. सबब, कारखाना कोणता निवडावा हा प्रश्न केवळ दरांच्या तुलनेने सुटण्यासारखा नाही. त्यासाठी मुलाम्याचे काम होते कसे, याची थोडीबहुत माहिती मालकापाशी असली पाहिजे.

सामान्य समजूत अशी, की जुना बंपर क्रोमच्या टाकीत बुडवला म्हणजे, कल्हईने पातेले उजळावे तसा, तो नवा होऊन बाहेर येतो. वास्तविक ज्या क्रोमच्या नावाने आपण पैसे मोजतो त्याचा थर अवघा पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा थर किंचित निळसर छटा देतो, ओरखड्यांना सहसा दाद देत नाही आणि खालच्या निकेलला काळवंडू देत नाही. मात्र खड्डा बुजवणे अथवा लाटा झाकणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. गंजाला अटकाव करतो तो त्याखालचा, चांगल्या कामात २५ ते ४० मायक्रॉनांच्या घरात असणारा निकेलचा थर, आणि पृष्ठभाग समतल करण्याची कामगिरी त्याहीखालच्या तांब्याची. लोखंडावर जस्ताचा मुलामा असला तर तो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. निकेलची रीत उलट असून, त्याच्या थरात सुईच्या अग्राएवढे छिद्र राहिले तरी ओल तेथून आत शिरते आणि लोखंडच आधी गंजते. म्हणून जाणते कारखानदार निकेल दोन थरांत देतात : खालचा गंधकरहित व कमी चमकीचा, वरचा चमकदार; त्यामुळे गंज वरच्या थरात आडवा पसरत राहतो आणि लोखंडापर्यंत पोचण्यास त्याला पुष्कळ विलंब लागतो.

कोणत्या गाडीला कोणता मुलामा शोभतो, याचाही निर्णय कारखान्याकडे जाण्यापूर्वीच करावा. क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस लावला असला, तरी व्यापारी प्रमाणावर त्याचा मुलामा देण्याची कृती, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी केलेल्या संशोधनानंतर, १९२० ते १९३० या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांवर पितळ अथवा निकेल असे; १९२२ च्या गाडीचा रेडिएटर क्रोमने झळकवणे हा कालविपर्यासच होय, आणि अशा मालकाला केवळ निकेल देऊन थांबणारा, निकेलची ती उबदार, पिवळसर झाक जपणारा कारखाना हवा. उलटपक्षी, कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेलवर निर्बंध आल्यामुळे १९५२ च्या सुमाराच्या अनेक अमेरिकन गाड्यांवर मुळातच निकृष्ट मुलामा दिला गेला. तेथे मूळ काम प्रमाण मानण्याचे कारण नाही.

यानंतर सुट्या भागांची धातुवार वर्गवारी करावी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११०० किंवा त्या काळची कोणतीही गाडी घेतली, तरी तिच्या चकाकणाऱ्या भागांत एकच धातू सापडत नाही. लोहचुंबक बंपरला घट्ट धरतो. दाराची मूठ त्याला दाद देत नसेल आणि हाताला जड लागत असेल, तर ती बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची समजावी. दिव्याची जुनी कडी खरवडल्यावर खाली पिवळे पितळ दिसते. काचेभोवतालच्या पट्ट्या पुष्कळदा स्टेनलेस स्टीलच्या असतात, आणि त्यांना मुलाम्याची गरजच नसून नुसती झिलई पुरते. ही यादी पाहून जो कारखानदार सर्व भागांना एकच दर आणि एकच टाकी सांगेल, त्याला नमस्कार करून परतावे.

खरी परीक्षा जस्ताच्या मुठीवर होते. तिच्यावर मोहरीएवढे फोड दिसतात. प्रत्येक फोडाखाली जस्त कुजून पांढरी भुकटी झालेली असते आणि ती तेथे राहिली तर नवा मुलामा काही महिन्यांतच पुन्हा फुगतो. लोखंडावरचा जुना थर काढण्यास चालणारे तीव्र तेजाब जस्ताला खाऊन टाकते, म्हणून जुना मुलामा उतरवताना येथे वेगळी सावधगिरी लागते. त्यानंतर एकेक फोड बारीक कोरणीने कोरून निरोगी धातू लागेपर्यंत साफ करावा लागतो. पुढे तांब्याची आम्लयुक्त टाकी जस्तावर थेट वापरता येत नाही. प्रथम सायनाइडयुक्त तांब्याचा पातळ संरक्षक थर द्यावा लागतो, मग जाड तांबे, मग घासकाम, पुन्हा तांबे, पुन्हा घासकाम, असे खड्डे पृष्ठभागाशी एकजीव होईपर्यंत चालते. हे काम वेळखाऊ आहे, आणि मुठीचा दर बंपरच्या मानाने जबर का, याचा खुलासा त्यातच आहे.

कारखान्यात समक्ष जाऊन पाहण्यासारखे पुष्कळ असते. तयार बंपर ट्यूबलाइटखाली धरून तिचे प्रतिबिंब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावे. ते सरळ रेषेत राहिले तर घडाई व बफिंग नीट झाले, नागमोडी हलले तर पत्र्यातील लाटा तशाच ठेवून वर चमक चढवली असे समजावे. बोल्टांची छिद्रे लांबोडी झालेली किंवा धारा गोलावलेल्या दिसल्या तर बफवाल्याचा हात जड आहे. क्रोमच्या द्रावणातील विद्युत्प्रवाह खोलगट जागी पोचण्यास नाखूष असतो. म्हणून ग्रिलच्या खाचांत पिवळसर निकेल उघडे आहे काय, आणि बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर मुलामा जळून करडा झाला आहे काय, हे निरखावे. बंपरची मागची बाजू अवश्य उलटून पाहावी, कारण हयगय बहुधा तेथेच लपलेली असते.

सांडपाण्याची व्यवस्था हाही पारखीचा भाग आहे. क्रोमच्या रूढ टाकीतील षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक असून, भारतीय मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. रीतसर चालणाऱ्या कारखान्यात ते नारिंगी-पिवळे पाणी आम्लात मेटाबायसल्फाइट घालून हिरवट करतात आणि मग चुन्याने त्यातील क्रोमियम गाळाच्या रूपाने खाली बसवतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र पाहावयास मागण्यात संकोच मानू नये; जो मनुष्य गटाराच्या बाबतीत काटकसर करतो तो निकेलच्या बाबतीत उदार राहील, असे मानण्यास आधार नाही. कोठे त्रिसंयुजी क्रोम वापरतात. ते तुलनेने निर्धोक, पण त्याची छटा जुन्या पद्धतीहून थोडी गडद पडू शकते, यास्तव एका गाडीचे सर्व भाग एकाच कारखान्यात, एकाच पद्धतीने करून घ्यावेत.

सौदा ठरल्यावर प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि पावतीवर भागांची मोजदाद, धातू, तांबे-निकेलची जाडी, मुदत व हरवल्यास जबाबदारी कोणाची, हा तपशील लिहून घ्यावा. मोडतोड झालेला पत्रा सरळ कोणी करावयाचा, गॅरेजवाल्याने की प्लेटिंगवाल्याने, हेही तेथेच नमूद असावे. पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका अनुत्तरित प्रश्नात असते. प्रथम एखादी जादा हबकॅप देऊन नमुना पाहावा, मग बाकीचा माल सोपवावा. आणि एखादा तुकडा हातात घेऊन, ‘याचे जस्त आतपर्यंत कुजले आहे, मी हा घेत नाही’ असे जो कारखानदार स्वतः होऊन सांगतो, त्याचा दर दीडपट असला तरी उरलेले भाग त्याच्याच स्वाधीन करावेत.

पुढील लेखांकात काचा व त्यांच्या रबरी पट्ट्या यांचा विचार करू.

(क्रमशः)